निवाऱ्यापलीकडचे घर

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्याने शिक्रापूर मागे टाकले आणि रांजणगाव, कारेगाव, शिरूर या बाजूला जाऊ लागले, की दोन्ही अंगांना नव्या घरांची रांग लागते. त्यांतल्या बहुतेक घरांच्या स्लॅबवर लोखंडी गज उभे सोडलेले दिसतात. खालचा मजला पुरा झालेला असतो, संसार सुरू झालेला असतो. पण वरच्या मजल्याला पैसा नसतो. कधी येईल तेही ठाऊक नसते. पाच-दहा पावसाळे गजांवरून जातात, ते तांबेरतात. तरीही कोणी ते कापून टाकीत नाही. हिशेबी माणूस म्हणेल की हे भांडवल फुकट गुंतून पडले आहे. त्या लोखंडाच्या किमतीत निदान विहिरीवरची मोटार दुरुस्त झाली असती. हिशेब चुकीचा नाही. मात्र असा हिशेब ठाऊक असूनही गावोगावचा शहाणासुरता माणूस गज उभेच ठेवतो, तेव्हा त्या वागण्यामागे केवळ अडाणीपणा आहे असे म्हणून चालणार नाही.

‘घर पहावे बांधून आणि लग्न पहावे करून’ ही म्हण मराठी माणूस पिढ्यान्पिढ्या उच्चारीत आला आहे. म्हणीत इशारा आहे: या दोन उद्योगांत भलेभले बुडतात. इशारा सर्वांना पाठ आहे आणि तो पाळणारा जवळजवळ कोणी नाही. एवढा खर्च, एवढे कर्ज, एवढी यातायात पत्करून माणूस बांधतो तरी कशासाठी?

निवाऱ्याचे उत्तर अपुरे

पहिले उत्तर तोंडावर असते. ऊन, वारा, पाऊस, चोर आणि श्वापदे यांच्यापासून संरक्षण हवे, म्हणून घर. हे उत्तर खोटे नाही. ते अपुरे आहे. निवारा तर पशुपक्षीही करतात. सुगरण पक्ष्याच्या विणीला तोड नाही आणि वाळवीचे वारूळ आकारमानाच्या हिशेबात माणसाच्या मनोऱ्यांना लाजवील. पण सुगरणीचे आजचे घरटे तिच्या शंभर पिढ्यांपूर्वीच्या घरट्यासारखेच असते. कार्ल मार्क्सने १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘भांडवल’ या ग्रंथात मधमाशी आणि वास्तुकार यांची तुलना केली आहे. अगदी सामान्य वास्तुकारही उत्तम मधमाशीहून एका गोष्टीत वेगळा ठरतो, कारण तो इमारत आधी मनात उभारतो आणि मग जमिनीवर, असा त्या तुलनेचा आशय आहे. मनात उभारलेली ही इमारत केवळ आजच्या गरजेएवढी कधीच नसते. तिच्यात उद्याची माणसे धरलेली असतात.

नुसता निवारा म्हणजे काय, हे पाहण्यासाठीही फार दूर जावे लागत नाही. भीमा आणि घोड यांच्या काठच्या उसाच्या पट्ट्यात, शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत, दिवाळीच्या सुमारास बीडकडून आणि इतर दुष्काळी मुलखातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. चार बांबू, थोडे पाचट, वर एक ताडपत्री. दिवसाभरात कोपी उभी राहते. हंगाम संपला की उन्हाळ्याच्या तोंडाला ती तितक्याच झटपट मोडते. थंडीवाऱ्याला ती कशीबशी आडोसा देते. पण कोणताही ऊसतोड मजूर कोपीला आपले घर म्हणत नाही. घर म्हणजे गावाकडे कुलूप लावून आलेले, जिथे म्हातारी माणसे मागे राहिली आहेत, ते. निवारा आणि घर या दोन वस्तू वेगळ्या आहेत, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

इनामगावची साक्ष

या भेदाची एक फार जुनी आणि बोलकी साक्ष शिरूर तालुक्यातच सापडली, ही योगायोगाची गोष्ट आहे. घोड नदीकाठच्या इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात विस्तृत उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झैनुद्दीन अन्सारी या संशोधकांची नावे त्या कार्याशी जोडलेली आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत, म्हणजे जवळजवळ नऊशे वर्षे, येथे शेतकऱ्यांची वस्ती होती. उत्खननात सव्वाशेहून अधिक घरांचे अवशेष उघडे झाले. एका खेड्यातल्या सामान्य माणसांच्या घरांचा इतका दीर्घ इतिहास सलग वाचायला मिळावा, हे भारतात क्वचितच घडले आहे.

या नऊशे वर्षांच्या मोठ्या भागात इनामगावचा शेतकरी प्रामुख्याने चौकोनी घर बांधीत होता. कुडाच्या भिंती, त्यांवर मातीचा लेप आणि शाकारलेले छप्पर, असे त्याचे स्वरूप होते. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर सापडले. त्याच्या शेजारी धान्याचे कोठार होते. हे घर गावच्या प्रमुखाचे असावे आणि कोठारात गावाचे धान्य जमा होत असावे, असा संशोधकांचा तर्क आहे. नदीचे पाणी वळवून आणणारा एक पाट आणि एक बांधही येथे आढळला. सातू हे त्यांचे मुख्य पीक होते. गहू आणि कडधान्येही ते घेत.

इसवी सनापूर्वी हजार वर्षांच्या सुमारास चित्र पालटते. हवामान कोरडे होत गेले, पीकपाणी घटले आणि शेतीपेक्षा गुरेमेंढरे व शिकार यांवरचा भार वाढला, असे संशोधकांनी पुराव्यांवरून दाखविले. त्याच थरांत चौकोनी घरे मागे पडतात आणि त्यांच्या जागी लहान लहान गोल झोपड्या दिसू लागतात. मडकी ओबडधोबड होतात. अखेर इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास गाव ओस पडते.

चौकोनातून गोलाकडे झालेल्या या प्रवासाचा अर्थ लावताना थोडे गणित उपयोगी पडते. बारा मीटर परिघाची भिंत चौरस बांधली तर आत नऊ चौरस मीटर जागा मिळते. तीच भिंत गोल फिरविली तर सुमारे साडेअकरा चौरस मीटर मिळते. म्हणजे तेवढ्याच मातीत आणि तेवढ्याच कष्टात गोल झोपडीत पाव हिश्श्याहून अधिक जागा हाती येते. केवळ निवारा हवा असेल तर गोल झोपडी हेच शहाणपण आहे. ती करायला स्वस्त आणि सोडून जायला सोपी.

मग ज्यांच्या घरात धान्य होते त्यांनी महागडा चौकोन का पत्करला? कारण चौकोनी घर वाढविता येते. एका भिंतीला टेकवून दुसरी खोली काढता येते. मधे कूड घालून थोरल्याचा आणि धाकट्याचा संसार वेगळा करता येतो. कणगी कोपऱ्यात बसते. गोल झोपडीला खोली जोडता येत नाही. माणसे वाढली तर शेजारी दुसरी झोपडी घालावी लागते. जुने मराठी घर खणांत मोजले जाई, त्याचे मर्मही हेच. दोन खांबांमधला एक खण. ऐपत आली की आणखी एक खण. दोन खणांच्या घराला पुढे पडवी येई, मागे परसाकडे सोपा निघे आणि दोन पिढ्यांत त्याचे पाच खणांचे घर होई. इनामगावचा शेतकरी चौकोनी घर घालीत होता तेव्हा तो पुढच्या पिढीसाठी जागा धरीत होता. पावसाने दगा दिला तेव्हा त्याने हा हिशेब सोडला आणि त्याचे घर पुन्हा गोल झाले. गोल झोपडी हा मागासपणा नव्हता. ज्याला उद्याचा भरवसा उरलेला नाही अशा माणसाची ती काटकसर होती.

जमिनीखालचे आप्त

इनामगावने आणखी एक गोष्ट दाखविली. ही माणसे आपल्या मृतांना गावाबाहेर नेत नसत. लहान मूल गेले तर दोन मोठ्या कुंभांत, तोंडाला तोंड लावून, त्याला घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरीत. पुष्कळशा प्रौढ मृतांचे पाय घोट्यापासून तोडलेले आढळले. मृताने दूर जाऊ नये, घराजवळच राहावे, अशी त्यामागची समजूत असावी, असे अनुमान काढले गेले. पाच खोल्यांच्या त्या मोठ्या घराच्या अंगणात चार पायांच्या एका मातीच्या पात्रात बसविलेल्या प्रौढ पुरुषाचा सांगाडा मिळाला.

आजच्या वाचकाला हे चमत्कारिक वाटेल. पण घर म्हणजे जिवंत माणसांची केवळ सोय नव्हे, तर गेलेल्यांना आणि येणाऱ्यांना एका जागी बांधून ठेवणारी गाठ आहे, ही भावना पुसली गेलेली नाही. पायाभरणीला नारळ फुटतो, चौकट बसविताना तिची पूजा होते, वास्तुशांतीला आप्तेष्ट जमतात. भाषेनेही हा अर्थ जपला आहे. कुळाला ‘घराणे’ म्हणतात; भावांची वाटणी झाली की ‘घर फुटले’ म्हणतात; नव्या कार्याच्या आरंभाला ‘मुहूर्तमेढ रोवली’ असे म्हणतात. खेड्याचा आकार सांगताना मराठी माणूस डोकी मोजीत नाही. ‘शंभर उंबऱ्यांचे गाव’ असे तो म्हणतो. ज्याचा उंबरा आहे तो गावात मोजला गेला.

करड्याचे पाडलेले घर

या मोजणीतून एक उंबरा काढून टाकला तर काय होते, याचे उत्तरही शिरूर तालुक्याच्या इतिहासात आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात आलेली कापसाची तेजी १८६५ नंतर ओसरली. जमीनमहसुलाची नवी आकारणी चढी होती. शेतकरी सावकाराच्या वहीत खोल रुतत गेला आणि इंग्रजी न्यायालये कागदावरचा अंगठा पाहून हुकूमनामे देऊ लागली. डिसेंबर १८७४ मध्ये करडे या गावी काळूराम नावाच्या सावकाराने दीडशे रुपयांच्या कर्जापायी बाबासाहेब देशमुख या शेतकऱ्याविरुद्ध हुकूमनामा मिळविला आणि गावकऱ्यांनी विनवण्या केल्या तरी न ऐकता त्याचे घर पाडले.

त्या काळी जमिनीचे लिलाव नित्याचे झाले होते. ते गाव मुकाट्याने पाहत होते. घर पडले तेव्हा मात्र गाव उठले. सावकारांच्या दुकानांतून माल घ्यायचा नाही, असे ठरले. न्हावी, परीट, चांभार यांनी त्यांचे काम नाकारले. घरकामाला कोणी जाईना. ही ‘बंदी’ गावामागून गाव पसरत गेली. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे, बाजाराच्या दिवशी, तिने दंग्याचे रूप घेतले. सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळण्यात आले. दख्खनचे दंगे या नावाने इतिहासात नोंदल्या गेलेल्या या उठावाची कारणे अर्थातच व्यापक होती. त्यांची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला गेला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तरीही ठिणगी पडली ती एका घराच्या भिंतीवर कुदळ बसली तेव्हा, हे लक्षात घेण्याजोगे आहे. दीडशे रुपयांचे घर पाडताना सावकाराने दगडमातीची किंमत धरली होती. गावाने त्या घराची किंमत निराळ्या वहीत मांडली होती.

कायद्यालाही पुढे या दुसऱ्या वहीची दखल घ्यावी लागली. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमात, शेतकरी किंवा मजूर स्वतः राहत असलेले त्याचे घर सर्वसाधारण कर्जाच्या वसुलीसाठी जप्त करता येत नाही, अशी तरतूद आहे. घर ही इतर मालमत्तेसारखी मालमत्ता नव्हे, हे एवढ्यापुरते तरी मान्य झाले. पण हे संरक्षण गहाणाला लागू पडत नाही, आणि घर बांधण्यासाठी काढलेले आजचे कर्ज तर त्या घराच्याच तारणावर मिळते. म्हणजे ज्या स्थैर्यासाठी घर बांधायचे, ते स्थैर्यच पणाला लावून घर बांधावे लागते. ही विसंगती पगारदार शिक्षकाला आणि कारकुनाला हप्त्याच्या रूपाने दरमहा भेटते.

दुसऱ्यांसाठी बांधणे

माणूस स्वतःपुरते बांधून थांबत नाही. रांजणगावच्या महागणपतीच्या मूर्तीसाठी माधवराव पेशव्यांनी गाभारा बांधविला आणि पुढे इंदूरच्या किबे सरदारांनी सभामंडप उभारला, असे सांगितले जाते. श्रद्धा, कृतज्ञता आणि कीर्तीची इच्छा या तीन धाग्यांचा पीळ अशा बांधकामात इतका घट्ट असतो की तो सोडविणे कठीण. थॉर्स्टिन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये श्रीमंतांच्या दिखाऊ खर्चाची मीमांसा केली. तिच्या कसोटीला आजचे कित्येक संगमरवरी बंगले पुरेपूर उतरतील. जॉन मेनार्ड केन्सने १९३६ मध्ये याच्याही पुढे जाऊन सुचविले की बेकारीच्या काळात पिरॅमिड बांधणेसुद्धा समाजाला श्रीमंत करू शकते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लक्षावधी हातांनी खडी फोडली, रस्ते आणि पाझर तलाव बांधले, तेव्हा बांधकाम हेच अन्न झाले होते.

मात्र बांधणाऱ्याचा हेतू वास्तूबरोबर टिकतोच असे नाही. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरच्या छावणीतून निघालेल्या कंपनी सरकारच्या पलटणीची दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमा येथे पेशव्यांच्या फौजेशी लढाई झाली. सरकारने भीमेकाठी पेरणे येथे १८२१ मध्ये स्तंभ उभारण्यास आरंभ केला तो आपल्या विजयाची खूण म्हणून. त्यावर कोरलेल्या सामान्य सैनिकांच्या नावांत महार शिपायांची नावे होती. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले आणि त्या दगडाला सरकारच्या स्वप्नातही नसलेला अर्थ मिळाला. ज्यांना गावात उंबरा असूनही मान नव्हता, त्यांना आपली नावे दगडावर सापडली. दरवर्षी लोटणारी गर्दी साम्राज्याच्या विजयासाठी येत नाही. आपणही इतिहासात होतो, याची खूण पाहण्यासाठी ती येते.

आजचा प्रश्न

तेव्हा माणूस बांधतो तो अंग झाकण्यासाठी, हे खरे. पण त्याहून अधिक तो मोजला जाण्यासाठी बांधतो, आपल्यामागून येणाऱ्यांना जागा ठेवण्यासाठी बांधतो. हे मान्य केले तर घरासंबंधीच्या धोरणांकडे पाहण्याची दृष्टीही बदलावी लागेल.

याच तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तेथे ग्रामीण मुलांना हाताने काम करीत शिकविताना त्रिकोणी सांगाड्यांचे घुमटाकार घर बांधण्याचे तंत्रही विकसित झाले. कमी साहित्यात मजबूत बांधकाम, ही त्याची किमया. तीन हजार वर्षांपूर्वी इनामगावकराने गरजेपोटी स्वीकारलेले गोलाचे गणित येथे विज्ञानाच्या हाताने परत आले. आपत्तीत, कार्यशाळेसाठी, गोदामासाठी हे तंत्र मोलाचे आहे. परंतु घुमटालाही खण जोडता येत नाही, ही मर्यादा राहतेच; आणि कुटुंबाच्या घराचा विचार करताना ती लहान नव्हे.

सरकारी घरकुलांचाही विचार याच कसोटीवर व्हायला हवा. १९८५ साली सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेनंतर २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण शाखेने घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरविले. डोक्यावर छप्पर नसणाऱ्याला हे देणे थोर आहे. पण घरकुलाच्या शेजारी आणखी एक खण काढायला जागा आहे का, त्याचा पाया वरचा मजला पेलेल का, हे प्रश्न चौरस मीटरच्या हिशेबात बसत नाहीत. ज्यांना घर द्यायचे ते मात्र पहिल्या दिवसापासून हेच प्रश्न मनात धरून असतात.

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीने परिसरातील गावांत भाड्याच्या खोल्यांच्या चाळी उभ्या केल्या. त्यांत परप्रांतांतून आणि मराठवाड्यातून आलेले कामगार एका खोलीत चौघे-पाचजण राहतात. मालकाला ते भाडे देतात, पण गाव त्यांना मोजत नाही. ऊसतोड मजुरांची अवस्था त्याहून बिकट. वर्षातले पाच-सहा महिने त्यांचा संसार पाचटाखाली जातो. मुलांची शाळा तुटते. गावाकडच्या उंबऱ्याला कुलूप असते आणि इथे उंबराच नसतो. यांच्या श्रमावर ज्या भागात साखर आणि सिमेंट या दोहोंची भरभराट झाली, त्याच भागात हंगामापुरती का होईना, पक्की, पाण्याची आणि संडासाची सोय असलेली वस्ती त्यांना मिळू नये, हे अर्थशास्त्राच्या कोणत्याही सिद्धांताने समर्थनीय ठरणार नाही. खर्च कोणी करायचा, हा वाद कारखाने, मुकादम आणि शासन यांनी आपापसात मिटवावा. तो मिटेपर्यंत पोरांनी थंडीत कुडकुडत बसावे, असा काही नियम नाही.

घरावरचा खर्च अनुत्पादक असतो, असे अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके सांगत आली. कर्ज काढून दिखाऊ बंगला बांधणाऱ्याला ते जरूर ऐकवावे. परंतु ज्याने खालचा मजला पोटाला चिमटा काढून पुरा केला आणि वर गज उभे ठेवले, त्याला ते ऐकविताना थोडे थांबावे. मुलाचे लग्न होईल, सून येईल, तिला स्वतंत्र खोली लागेल, एवढा विचार त्याने त्या तांबेरलेल्या लोखंडात गुंतविला आहे. इनामगावच्या शेतकऱ्याला पावसाने हा विचार सोडायला लावला आणि करड्याच्या शेतकऱ्याला सावकाराने. आजच्या माणसाला तो सोडावा लागू नये, एवढी काळजी समाजाने आणि शासनाने घेतली पाहिजे.